सरहद्दीच्या इतिहासाचं कपाट

प्रश्न : करवीर राज्याच्या सरहद्दींचा अभ्यास करायचा आहे. घरच्या संग्रहाची सुरुवात कशाने करू? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा १८८६चा कोल्हापूर खंड (क्रमांक २४) मिळवा. इंग्रजीत आहे, पण गावं, नद्या, घाट एका जागी सापडतात. मग साताऱ्याचे शाहू महाराज आणि करवीरचे संभाजी महाराज यांच्यात झालेल्या १७३१च्या वारणेच्या तहाची कलमं छापलेला साधनग्रंथ. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख करवीरकडे कसा आला, हे मूळ कलमांतूनच कळतं. ‘पेशवे दप्तर’ या पेशवेकालीन निवडक कागदपत्रांच्या मालिकेचे ४५ खंड एकदम घेऊ नका. ग्रंथालयात सूची चाळा, लागतील तेवढेच जमवा. पुनर्मुद्रणात घडीचे नकाशे अनेकदा गाळलेले असतात, पैसे देण्याआधी पानं मोजाच! पावसाळ्यात कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. ओल मागून चढते, मग कसर लागते.