पश्मीची पिल्लं कुणाला द्यावीत? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

लातूर जिल्ह्यातलं जानवळ पश्मी या कुत्र्याच्या जातीसाठी ओळखलं जातं, पण आता चाकूर, अहमदपूर, उदगीरपासून परभणी-नांदेडपर्यंत कितीतरी घरांत ही कुत्री दिसतात. त्यामुळे या वेळच्या टपालात पिल्लांबद्दलची पत्रं जास्त आली. निवडक पत्रांना पशुवैद्यक आणि ही जात सांभाळणारे पालक यांनी मिळून उत्तरं दिली आहेत.

आमच्या पश्मीला सहा पिल्लं झाली. आज तीस दिवसांची आहेत. पाहुणे म्हणतात, महिन्याचं पिल्लू नेलं की माणसाचा लळा लागतो. देऊन टाकू का? (चाकूर तालुका)

नका देऊ. कुत्र्यांच्या पैदास व विक्रीबाबत केंद्र सरकारचे 2017 चे नियम आहेत. त्यांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी कारण साधं आहे. चौथ्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू भावंडांशी खेळताना दात किती लावायचे ते शिकतं. जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ मोडतो, आई गुरकावते. महिन्याचं उचललेलं पिल्लू हे शिकत नाही, मग सहा महिन्यांनी तेच पाहुणे ‘लेकरांना चावतंय’ म्हणून फोन करतात. लळ्याची काळजी नको, माणसाशी सोयरीक व्हायचा काळ बाराव्या आठवड्यापर्यंत असतो.

हातातल्या चार आठवड्यांत करायचं ते असं. जंताचं औषध दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्यात, प्रत्येक वेळी पिल्लाचं वजन करून. सोबत आईलाही द्यायचं, कारण गोल जंत पिल्लांना आईच्या पोटातून आणि दुधातूनच येतात. पिल्लाचं पोट नगाऱ्यासारखं आणि बरगड्या उघड्या दिसत असतील तर ते खाऊन सुटलेलं नाही, जंतांनी भरलेलं आहे. वजनाला किराणा दुकानातला डिजिटल काटा चालतो. प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा लोकरीचा दोरा सैल बांधा आणि वहीत लिहा. (पुढच्या वेताला हे पहिल्या दिवसापासून करा. जन्मतः 350 ग्रॅमचं पिल्लू दहाव्या दिवशी सातशेच्या आसपास हवं. वजन एक दिवस जरी थांबलं तरी त्याला मागच्या, भरल्या आचळाला लावून बघा.)

दूध तोडायला आता सुरुवात करा. गाई-म्हशीच्या दुधात कुस्करलेल्या भाकरीवर पिल्लं वाढवायची आपल्याकडची रीत आहे, त्यात दोन अडचणी. त्या दुधाने बऱ्याच पिल्लांना ढाळ लागते आणि नुसत्या भाकरीत वाढीपुरती प्रथिनं नसतात. उकडलेलं अंडं, हाडं काढून बारीक केलेलं उकडलेलं चिकन आणि मऊ भात किंवा भाकरी असं दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. कांदा, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेली हाडं अजिबात नाहीत.

लसीचं गणित लोक चुकवतात. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान, पुढे दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पुरे होईपर्यंत. ‘एक सुई झाली, आता काळजी नाही’ हे खरं नाही. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या रक्तात असते तोवर ती लसीलाच निकामी करते, आणि ती कधी संपेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून लस पुन्हा पुन्हा द्यावी लागते. रेबीजची लस तीन महिन्यांनी.

बघायला येणाऱ्यांना चपला बाहेर काढायला आणि हात धुवायला सांगा. पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो आणि चपलेला लागून येतो. फिनेलने तो मरत नाही. घाण धुऊन काढल्यावर एक भाग ब्लीचचं द्रावण आणि तीस भाग पाणी मिसळून फरशीवर दहा मिनिटं राहू द्यावं लागतं. याच कारणासाठी माळेगावच्या यात्रेत किंवा आठवडी बाजारात ही पिल्लं नेऊ नका. बाजारासारख्या सार्वजनिक जागी विक्री करायला नियमांची मनाई आहेच.

घेणारे पुष्कळ आहेत. त्यांतला बरा कोण, हे कसं ओळखायचं? (गंगाखेड)

पहिला प्रश्न ऐका. ‘किती पळतंय?’ किंवा ‘आईनं कधी ससा धरला का?’ असा असेल तर नम्रपणे नकार द्या. कुत्र्याने ससा किंवा हरीण धरवणं ही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार आहे. ‘आई लसीची आहे का, खाते काय’ असं विचारणारा पुढे चालतो.

मग पिल्लू घेऊन नव्हे, मोकळ्या हाताने त्याच्या घरी जा. पश्मी नजरेने शिकार हेरणारं, पळणारं कुत्रं आहे. वयात आलेलं जनावर चार फुटी भिंत सहज ओलांडतं, तेव्हा आवार सहा फुटांचं हवं आणि भिंतीला लागून कडब्याची गंजी, पाण्याची टाकी असं चढायला काही नको. आखाड्यावर (शेतातल्या घरी) राहणार असेल तर विहीर बघा. कठडा नसलेल्या विहिरीत कोल्ह्यामागे, मांजरामागे धावणारं तरणं कुत्रं पडतं, आणि रात्री पडलं तर सकाळीच कळतं. रानडुकरांसाठी विषारी आमिष टाकतात का, थिमेटसारखं कीटकनाशक किंवा उंदराचं औषध कुठे ठेवतात, हेही विचारा. शेळ्या-कोंबड्या असतील तर पिल्लाला लहानपणीच दोरीवर ठेवून त्यांच्यात फिरवावं लागेल, हे आधीच सांगा.

सर्वांत अवघड प्रश्न हंगामाचा. बीड, धाराशिव, परभणीकडची बरीच कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. ही माणसं कुत्र्याला जीव लावतात, त्याबद्दल शंका नाही. पण टोळी निघाली की कुत्र्याचं काय, हे ठरलेलं हवं. घरी राहणारे आजी-आजोबा स्वतः ‘आम्ही बघू’ म्हणाले तर पिल्लू त्यांच्या नावावर द्या, फोन नंबरही त्यांचाच घ्या. ‘शेजारी टाकतील भाकर’ एवढंच उत्तर आलं तर देऊ नका.

दोन नकार आणखी. एक, दिवसभर साखळीला बांधणार असं सांगणारा. या बांध्याचं कुत्रं साखळीवर एक तर भित्रं होतं, नाही तर चावरं. दुसरा, न विचारता वाढदिवसाची भेट म्हणून नेणारा. ज्याला सांभाळायचंय त्यालाच समोर बोलवा.

पिल्लू हवाली करताना सोबत काय द्यायचं: लसीचं कार्ड, जंताच्या औषधाच्या तारखा, तीन-चार दिवसांचं सवयीचं अन्न आणि आईच्या अंथरुणातला फडक्याचा तुकडा. पहिल्या दोन-तीन रात्री त्या वासानेच ते निजतं. प्रवासाआधी तीन-चार तास खायला घालू नका, गाडीत ओकतं. पण उपाशी लांबही नेऊ नका, एवढ्या लहान जिवाची साखर पटकन उतरते. मे महिन्यात न्यायचंच असेल तर पहाटे.

गळापट्ट्याबद्दल मुद्दाम सांगतो. पश्मीचं डोकं मानेपेक्षा निमुळतं असतं, त्यामुळे साधा पट्टा मागे ओढला की कानांवरून सुटतो आणि कुत्रं रस्त्यावर पळतं. मोठेपणी रुंद, ओढल्यावर बेताने आवळणारा पट्टा घ्यायला सांगा.

इसार घ्यावा का? आणि ‘कागद आहेत का’ विचारतात, ते काय? (उदगीर)

इसार घ्या, पण घर बघून आल्यावरच. आधी घेतला की नकार देताना जीभ अडखळते. कागद म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचं वंशावळीचं प्रमाणपत्र. आईबापांची तिथे नोंद असेल तरच पिल्लांची होते, आणि त्यासाठी तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप टोचावी लागते. नोंद नसेल तर तसं स्पष्ट सांगा, आईबाप समोर दाखवा. ‘कागद मागून पाठवतो’ म्हणणाऱ्याचे कागद सहसा येत नाहीत. पैसे घेऊन पिल्लं देणार असाल तर वर सांगितलेल्या नियमांत पैदासकार म्हणून राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आहे, आणि त्या व्याख्येत संस्थेसोबत व्यक्तीही येते. त्याच नियमांनुसार कुत्रीला दीड वर्षाच्या आत भरवायचं नाही आणि वर्षात एकापेक्षा जास्त वेत घ्यायचं नाही.

आम्ही छत्रपती संभाजीनगरला तिसऱ्या मजल्यावर राहतो. दोघेही नोकरीला. पश्मी चालेल का? (वाचक दांपत्य)

जागा लहान असणं ही अडचण नाही. पोटभर पळून आलेलं पश्मी घरात दिवसभर लोळतं. अडचण आहे ती आठ-नऊ तास एकट्याची, आणि पिल्लाला दिवसातून चार वेळा घालायचं कुणी याची. दुपारी घरी येणारं माणूस नसेल तर पिल्लाऐवजी दीड-दोन वर्षांचं कुत्रं बघा. सकाळी सातच्या आत कुंपण असलेल्या मैदानावर मोकळं पळवा, गच्चीच्या कठड्याला जाळी लावा. मोटरसायकलमागे पळवायची फॅशन आहे, ती नको. एक वर्षाच्या आत सांधे पिकलेले नसतात आणि डांबरावर तळवे भाजतात.

एक गोष्ट डॉक्टरांना आठवणीने सांगा. पश्मी, ग्रेहाउंड अशा सडपातळ बांध्याच्या कुत्र्यांच्या अंगावर फारशी चरबी नसते आणि थायोपेंटोनसारख्या भुलीतून ती फार उशिरा बाहेर येतात. नसबंदीच्या वेळी दुसरी भूल निवडावी लागते.

दिलेल्या पिल्लाला गोचीड झाले. नव्या मालकाने बैलाचं औषध पाण्यात घालून अंघोळ घातली. आता थरथरतंय, लाळ गाळतंय. (हिंगोली)

हे वाचून होईपर्यंत ते पिल्लू दवाखान्यात पोचलं असेल अशी आशा आहे. ही विषबाधा आहे. इतरांसाठी: भांडी घासायचा पातळ साबण आणि कोमट पाणी वापरून अंग धुवा, स्वतः हातमोजे घाला, टॉवेलात गुंडाळून डॉक्टर गाठा, औषधाची बाटली सोबत न्या. ओकारी काढायला मीठ-पाणी पाजू नका.

जनावरांच्या गोचिडाचं औषध बैलाच्या अंगाच्या हिशेबाने असतं, दोन किलोच्या पिल्लाला टोपणभरही जास्त होतं. पिल्लासाठी फिप्रोनिलचा स्प्रे डॉक्टरांना विचारून वापरा, अगदी लहान पिल्लाच्या अंगावरचे गोचीड चिमट्याने काढा. आणि गोचीड गोठ्याच्या भिंतींच्या भेगांत अंडी घालतो, तेव्हा भेगा बुजवल्याशिवाय अंगावरचे संपत नाहीत. गोचिडानंतर पिल्लू मलूल झालं, हिरड्या पांढऱ्या पडल्या किंवा लघवी लाल-तपकिरी झाली तर रक्त तपासा.

सहापैकी चार गेली, दोन नर चार महिन्यांचे झाले तरी घरीच आहेत. फुकट देऊन टाकू का? (अहमदपूर)

फुकट द्या हवं तर, पण प्रश्न तेच विचारा. पैशाची चाळणी गेली की उरते फक्त तुमची.

दोन्ही एकाच घरी देऊ नका. जोडीने वाढलेले भाऊ माणसापेक्षा एकमेकांचं ऐकतात आणि वर्ष-दीड वर्षात भांडू लागतात. आजपासून त्यांना वेगळं जेवू घाला, वेगळं झोपवा, रोज एकेकाला एकट्याला फिरवायला न्या. रस्ता, बस स्टँडचा आवाज, पाहुण्यांची वर्दळ त्यांना ठाऊक होऊ द्या, चार महिन्यांच्या नराला घर मिळतं ते यावरच. गळापट्टा घालून सरळ चालणारा, हाकेला येणारा, लस पुरी झालेला नर नेणारे लोक असतात. लहान पिल्लाची शी-शू काढायला वेळ नसलेली नोकरदार माणसं मुद्दाम असंच मागतात.

देताना साध्या कागदावर लिहून घ्या: सांभाळणं जमलं नाही तर कुत्रं परत तुमच्याकडेच येईल, तिसऱ्याला जाणार नाही. आणि लिहून घेतलं तर परत घ्यायची तयारी ठेवा, दारातून घालवू नका. नियमांतही विकलेल्या पिल्लांची वर्षातून एकदा तरी चौकशी करायला सांगितलं आहे, पहिल्या महिन्यात मात्र दर आठवड्याला फोन करा. नरांना सहा महिने पुरे व्हायच्या आत हे उरका. त्यानंतर नोंदणीकृत पैदासकार सोडून इतरांना विकायचं तर आधी नसबंदी करावी लागते.