एका वेळी दोनच कोडिंग प्रोजेक्ट

सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, लॅपटॉप तापतो आणि प्रोसेसर आपणच वेग उतरवतो. जड कामं डिसेंबर-जानेवारीतच उरका. प्रोजेक्ट मात्र दोनच; तिसरं सुचलं तर वहीत लिहा, कडक भाकरीसारखं टिकेल.

उठण्याआधी रीडमीत (प्रोजेक्टची माहिती देणाऱ्या फाइलीत) पुढची पायरी एका ओळीत लिहा. गड्ड्याच्या यात्रेत आठवडा गेला तरी धागा सापडतो. गिट म्हणजे कोडमधले बदल नोंदवणारं साधन; अर्धवट काम त्याच्या स्टॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या कप्प्यात, ठेवू नका: नेहमीच्या पुशबरोबर (सर्व्हरवर पाठवताना) ते जात नाही, डिस्क गेली की तेही गेलं. वेगळ्या ब्रँचवर (कोडच्या समांतर फांदीवर) कमिट करून, म्हणजे बदल नोंदवून, पुश करा.

पायथॉन असेल तर प्रत्येक प्रोजेक्टला स्वतंत्र व्हेन्व्ह, म्हणजे त्याच्या लायब्ररींसाठी वेगळी जागा. पासवर्डची फाइल पहिल्या कमिटआधीच गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत) टाका. नंतर टाकली तरी जुन्या कमिटमध्ये ती राहतेच, मग पासवर्डच बदलावा लागतो.