भाच्याच्या नाटकात सात लाख घालू का?

प्रश्न : मी ठाण्यात चरईला राहते. वय 53. ऐरोलीच्या एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे, हातात 62 हजार येतात, पीएफ वेगळा. मिस्टर मागच्या वर्षी साठाव्या वर्षी निवृत्त झाले, त्यांना पेन्शन नाही. घराचं कर्ज फिटलंय. एफडी 16 लाख आहेत आणि येत्या मार्चमध्ये पीपीएफचे 11 लाख हातात येतील. मुलीच्या एमबीएची फी जूनमध्ये भरायची, साधारण 9 लाख. माझा भाचा नवं व्यावसायिक नाटक काढतोय. पाच पात्रं (त्यातले दोन कलाकार मालिकांत आहेत), एक सेट, निर्मितीचा खर्च 14 लाख. मी निम्मे म्हणजे 7 लाख घालावेत आणि फर्ममध्ये निम्मी भागीदार व्हावं, असं तो म्हणतो. त्याच्या हिशेबाने सव्विसाव्या प्रयोगाला पैसे वसूल होतात. कॉलेजात मी एकांकिका केल्यात, त्यामुळे मन तिकडे धावतंय. एफडी मोडू की एफडीवर ओव्हरड्राफ्ट घेऊ?

उत्तर : ताई, भाच्याचा तक्ता पत्रासोबत जोडलात ते फार बरं केलंत. मुलगा प्रामाणिक दिसतो. सेटचे साडेतीन लाख, तालमींचा हॉल आणि चहा-नाश्ता दीड, कपडे आणि संगीत दोन, लेखक-दिग्दर्शकाला आगाऊ तीन, सुरुवातीच्या जाहिराती चार. यातल्या एकाही आकड्यावर माझी हरकत नाही. पण हे 14 लाख नाटक उभं करायचे आहेत. ते चालवायला जो पैसा लागतो, त्याची ओळच तक्त्यात नाही.

एका प्रयोगाचा खर्च त्याने 95 हजार धरलाय : कलाकारांच्या नाइट (म्हणजे प्रयोगाचं मानधन) 38, थिएटरचं भाडं आणि लाइट-साउंड 20, बॅकस्टेज 10, बस आणि टेम्पो 9, लेखक-दिग्दर्शक वगैरेंचं मानधन 8, जाहिरात 10. यात जाहिरात फार कमी आहे. नव्या नाटकाचं नाव लोकांना माहीत नसतं. पेपरातल्या नाटकांच्या पानावर दोन-तीन दिवस जाहिरातीची चौकट दिसली नाही, तर ‘बंद पडलं वाटतं’ असं लोक म्हणतात. मी 25 हजार धरतो. खर्च झाला 1 लाख 10 हजार.

जमेच्या बाजूला त्याने दर प्रयोगाला 500 माणसं आणि 300 रुपये धरलेत. 400, 300 आणि 200 अशी तिकिटं लावल्यावर पुढच्या रांगा रिकाम्या आणि मागच्या भरलेल्या असं बऱ्याचदा होतं. शिवाय पास जातात, सवलती द्याव्या लागतात. सरासरी 270 धरा. म्हणजे खर्च भागवायलाच दर प्रयोगाला 408 तिकिटं विकली गेली पाहिजेत. सगळ्या प्रयोगांना, बुधवारच्या रात्रीलासुद्धा.

आता महिन्याला आठ प्रयोग घ्या. तीन रविवार मिळाले आणि दर रविवारी 450 माणसं आली, तर प्रत्येकी साडेअकरा हजार सुटतात. उरलेल्या पाच प्रयोगांना 180 माणसं धरली, तर प्रत्येकी 61 हजारांवर खोट. महिन्याची तूट 2 लाख 72 हजार, त्यातली निम्मी तुमची. असे तीन महिने नाटक रेटलं तर तुमचे 7 लाख जाऊन वर आणखी 4 लाख गेलेले असतील. तोवर चोवीस प्रयोग झालेले असतील, सव्विसावा दोनच प्रयोगांवर असेल, पण वसुली दिसणार नाही.

हे आकडे मुद्दाम वाईट धरलेले नाहीत. एका छोट्या नाटकाचे हिशेब मी वर्षभर पाहिलेत. गडकरी रंगायतनच्या खिडकीपाशी निर्मात्याबरोबर उभा राहिलोय. प्लॅन उघडला, म्हणजे तिकीटविक्री सुरू झाली, की तो दिवसातून दोनदा खिडकीवर यायचा आणि कागदावर खोडलेल्या, म्हणजे विकलेल्या, खुर्च्या बोटाने मोजायचा. एका गुरुवारी साडेआठचा प्रयोग होता आणि आठ वाजता 112 खुर्च्या खोडलेल्या होत्या. त्या रात्री खिडकीवर जमलेले सगळे पैसे त्याने मध्यंतरात पाकिटांत भरले आणि मेकअप रूममध्ये जाऊन एकेकाच्या हातात दिले. बॅकस्टेजच्या मुलांसाठी बायकोच्या खात्यातून काढलेले पैसे होते. पाकीट एका प्रयोगाला जरी उशिरा गेलं तरी बाहेर बातमी पसरते, म्हणून कुणाचंही थांबवायचं नाही, हा त्याचा नियम. त्या माणसाबद्दल मला आजही आदर आहे. पण ती पाकिटं भरायला दर वेळी घरातून किती गेले हे त्याने कधी लिहून ठेवलं नव्हतं. आम्ही बेरीज केली तेव्हा ती निर्मितीच्या खर्चापेक्षा जास्त निघाली.

तुमच्या भाच्याला रविवार किती मिळणार, हा प्रश्न त्याला सरळ विचारा. छोट्या नाटकाचं सगळं गणित रविवारच्या दुपारच्या साडेचारवर उभं असतं. गडकरी, घोडबंदरचं घाणेकर, वाशीचं विष्णुदास भावे, डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले, मुलुंडचं कालिदास, या सगळ्या नाट्यगृहांच्या रविवारवर जुन्या, चाललेल्या नाटकांचा डोळा असतो. तारखा आधी वाटल्या जातात आणि नव्या निर्मात्याच्या वाट्याला बरेचदा मधले वार येतात. त्यात पाचांतले दोन कलाकार मालिकांत आहेत, असं तुम्ही लिहिलंय. घोडबंदरच्या सेटवर सीन लांबला आणि रस्ता तुंबला, की साडेआठच्या प्रयोगाला कलाकार सव्वाआठला पोहोचतो. तारीख मिळते तेव्हा नट मोकळा नसतो आणि नट मोकळा असतो तेव्हा तारीख नसते. पावसाळ्यात मध्य रेल्वे बंद पडली तर प्रेक्षकही येत नाही आणि भाडंही अंगावर पडतं. मार्च 2020 मध्ये नाट्यगृहं बंद झाली, नोव्हेंबरमध्ये निम्म्या खुर्च्यांवर उघडली, पुन्हा मिटली ती ऑक्टोबर 2021 पर्यंत. असं रोज होत नाही. पण त्या काळात ज्यांच्याकडे चालवायला वेगळा पैसा नव्हता, त्यांच्या सेटचं काय झालं ते जुन्या बॅकस्टेजवाल्यांना विचारा.

तक्त्यातली एक चूक लगेच सुधारा. त्याने ‘जीएसटी परत मिळेल’ असं लिहिलंय. नाटकाचं तिकीट माणशी 500 रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही, 2018 पासून ही मर्यादा आहे. पण विक्रीच करमुक्त असल्यामुळे जाहिरातीवर आणि इतर खर्चावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही. तो खर्चातच धरायचा.

आणि आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गोष्ट. ‘निम्मी भागीदार’ हा शब्द. साध्या भागीदारी फर्ममध्ये, 1932च्या कायद्याप्रमाणे, फर्मचं देणं प्रत्येक भागीदाराच्या अंगावर पूर्ण येतं. भाच्याने जाहिरातवाल्याकडे उधारी केली आणि फर्मकडे पैसे नसले, तर तो तुमच्या दारात येऊ शकतो, तुमच्या निम्म्या वाट्यापुरता नव्हे, सगळ्या रकमेसाठी. चरईचं घर त्यातून सुटत नाही. बालगंधर्वांच्या नाटकांना गर्दी लोटत होती, तरी गंधर्व नाटक मंडळी कर्जात गेली आणि ते कर्ज त्यांनी एकट्याने अंगावर घेऊन फेडलं. शंभर वर्षांनंतरही आपण ते कौतुकाने सांगतो. तुमच्या घरी पेन्शन नाही आणि मुलीची फी जूनवर आलीय. तुम्ही तसं करू नका.

तोटा झाला तर करात वाचेल, असंही कुणी सांगेल. फर्मचा तोटा फर्मकडेच राहतो, तुमच्या पगारातून वजा होत नाही.

म्हणून माझं मत : 7 लाख नाही, आणि ओव्हरड्राफ्ट तर अजिबात नाही. ओव्हरड्राफ्टचं व्याज एफडीच्या व्याजापेक्षा जास्त असतं आणि नाटक थांबलं तरी ते चालू राहतं.

तुमच्याकडे एफडी आणि पीपीएफ मिळून 27 लाख. फीचे 9 आजच वेगळे करा. 10 लाख मिस्टरांच्या नावाने ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. सध्याच्या 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला साडेवीस हजार येतील, घराला तेवढाच आधार. 5 लाख आजारपण आणि अडीअडचणीला, लगेच काढता येतील असे. उरले 3 लाख. हे तीन लाख संपूर्ण गेले तरी तुमच्या घराचं काही बिघडत नाही, आणि तेवढेच नाटकात घाला. घाला, असं मी मनापासून म्हणतो. नवं नाटक उभं करायला कुणीतरी पैसे घालावेच लागतात आणि बावीस-तेवीस वर्षांच्या वयात तुम्ही स्टेजवर जे अनुभवलंत, त्याची किंमत मला कळते.

पण हे साध्या भागीदारीत नको. भाच्याने एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, काढावी, तिच्यात तुमची जबाबदारी तुमच्या 3 लाखांपुरती राहील, अट एवढीच की कुठल्याही उधारीला वैयक्तिक हमीची सही करायची नाही. एलएलपीचा वर्षाचा कागदोपत्री खर्च थोडा येतो, तो सोसावा. नाटकाचं बँक खातं वेगळं आणि दोन सह्यांचं. प्रयोग झाल्यावर दोन दिवसांत त्या प्रयोगाचा हिशेब तुम्हाला व्हॉट्सॲपवर आलाच पाहिजे. तुम्ही अकाउंट्सला आहात, हे काम तुम्ही त्याच्यापेक्षा चांगलं कराल. आणि कुठे थांबायचं ते आजच लिहून ठेवा : पहिल्या बारा प्रयोगांची सरासरी 300 तिकिटांच्या खाली राहिली तर नवी तारीख घ्यायची नाही.

भाच्याला अजून एक सांगा. शुभारंभाच्या आधी निदान आठ प्रयोग विकून दाखव. मंडळं, बँकांच्या कर्मचारी संघटना, नवी मुंबईतल्या मोठ्या सोसायट्या ठरावीक रकमेला अख्खा प्रयोग घेतात. त्यात नाट्यगृह भरो न भरो, निर्मात्याचा खर्च निघतो. आठ जणांनी आगाऊ पैसे दिले असतील, तर या नाटकाला लोक येतील याचा तुमच्याकडे पहिला पुरावा असेल. सांस्कृतिक कार्य संचालनालयाचं अनुदान तक्त्यात धरू नका. ते प्रयोग झाल्यावर आणि परीक्षण झाल्यावर येतं, नाइट मात्र त्याच रात्री द्यावी लागते.

त्याला 3 लाख कमी वाटले आणि तो रुसला, तर त्यातल्या एका लाखात एक प्रयोग तुम्हीच विकत घ्या. घाणेकरला, सोसायटीतल्या आणि ऑफिसमधल्या लोकांसाठी. तिकिटं तुम्ही खपवा. त्याला एक भरलेलं नाट्यगृह मिळेल, आणि तुमच्या हातात शिल्लक राहिलेले दोन लाख एफडीत राहू द्या.

चेक एलएलपीच्या नावानेच लिहा. करारावर सही झाल्याच्या दिवशी, त्याआधी नाही.