बफचॅन पहिल्यांदा लावताय? आधी एवढंच सांभाळा

वाशीच्या मित्रा, आयएनएन (युजनेटचा न्यूज सर्व्हर) उभं राहिलं, म्हणजे अवघड घाट चढून झाला. बफचॅनचं काम साधं: आयएनएनडी या आयएनएनच्या मुख्य प्रोग्रॅमकडून येणारी ओळ घ्यायची, सुरुवातीचा मजकूर ठेवायचा आणि पुढे ज्या साइट्सची (जिथे बातम्या पाठवायच्या त्या सर्व्हरची) नावं असतील त्या प्रत्येकाच्या फायलीत तो जोडायचा. दहा फायली उघडून बसण्याची कटकट मुख्य सर्व्हरला राहत नाही.

न्यूजफीड्स या कॉन्फिगरेशन फायलीला हात लावण्याआधी टर्मिनलवर बफचॅन चालवून हाताने एक ओळ द्या: 'चाचणी ठाणे वाशी'. ठाणे आणि वाशी अशा दोन फायली होतील, दोन्हींत फक्त 'चाचणी'. हे डोळ्यांनी बघितलंत की निम्मं डोक्यात बसतं.

नवखे हमखास इथे अडकतात:

- न्यूजफीड्समधल्या डब्ल्यू फ्लॅगच्या शेवटचं तारा-चिन्ह (*) विसरतात. मग साइटची नावंच येत नाहीत.
- सुरुवातीचं फील्ड एकच धरलं जातं. दोन पाठवलीत तर मायनस एफ २ (-f 2) द्या, नाहीतर दुसऱ्या फील्डच्या नावाची फाइल तयार होते!
- रूट म्हणून चालवतात. न्यूज युजरच वापरा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: बॅच, म्हणजे साइटच्या फायलीत साठलेल्या ओळी, उचलताना आधी फाइलचं नाव बदला, मग सीटीएलआयएनएनडी (ctlinnd) कमांडने त्या साइटचं फ्लश, त्यानंतरच वाचा. फ्लशशिवाय वाचलंत तर शेवटच्या ओळी अजून मेमरीतच असतात. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट कशी जाते ते माहीत आहेच, तेव्हा मायनस एलचा (-l, किती ओळींनंतर मेमरीतलं फायलीत लिहायचं) आकडा लहान ठेवा. थोडा वेग गेला तरी चालेल.

मायनस सी (-c, ठरावीक ओळींनंतर फाइल बंद करून पुन्हा उघडणं) आणि साइटच्या नावांची मॅप फाइल सध्या राहू द्या.