स्ट्रेस टेस्टमध्ये बँका पास झाल्या, मग पतसंस्थेतली एफडी पण सेफ का?

भाऊ, तुम्ही विचारलंय की रिझर्व्ह बँकेच्या स्ट्रेस टेस्टमध्ये बँका पास झाल्या असं वाचलं, मग वडिलांचे रिटायरमेंटचे 14 लाख गावातल्या पतसंस्थेत ठेवू का, दीड टक्का व्याज जास्त मिळतंय. नका ठेवू. ती परीक्षा पतसंस्थेची नव्हतीच.

मी रावेर तालुक्यातला, घरी केळी, म्हणून केळीवरूनच सांगतो. पीककर्ज उचलायच्या आधी वडील रात्री हिशोब मांडायचे, की मे-जूनात वादळ आलं, अर्धी बाग आडवी झाली आणि वरून भावही पडला तर हप्ता निघेल का आईची सोन्याची पोत मोडावी लागेल. स्ट्रेस टेस्ट म्हणजे हेच. रिझर्व्ह बँक वर्षातून दोनदा वित्तीय स्थैर्य अहवाल काढते, त्यात शेड्यूल्ड कमर्शियल बँकांचे, म्हणजे सरकारी-खासगी व्यापारी बँकांचे, आकडे घेऊन बघते की विकासदर घसरला, कर्जं थकली, बाहेरून कोणी नवीन भांडवल घातलं नाही, तरी बँकेचं स्वतःचं भांडवल, जोखमीप्रमाणे मोजलेल्या कर्जांच्या किमान 9 टक्क्यांच्या वर टिकतं का. विमा कंपन्यांना इर्डाचा, म्हणजे विमा नियामकाचा, नियम वेगळा, देणी सोडून जेवढी जादा शिल्लक लागते असं गणित निघतं तिच्या दीडपट ठेवावी लागते, कारण वादळ एका शेतात येत नाही, सगळ्या तालुक्याचे दावे एकाच आठवड्यात येतात.

आणि पतसंस्थेचं दुखणं नेमकं हेच आहे! कर्जदार सगळे इथलेच, सगळ्यांची केळी नाहीतर कापूस, म्हणजे एकाचं बुडालं की सगळ्यांचं सोबतच बुडतं, आणि ठेवीदारही तेच गाववाले, ते पण त्याच महिन्यात पैसे काढायला येतात. माझ्या काकांची एफडी अशाच एका पतसंस्थेत अडकली, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे होते, लग्न उसनवारीवर झालं, आणि काका अजून पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवतात. ते बघवत नाही म्हणून एवढं लिहितोय.

पतसंस्था सहकार खात्याखाली येते, रिझर्व्ह बँकेखाली नाही, आणि तिच्या ठेवींना डीआयसीजीसीचा, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचा, विमा नसतो. बँकेत तो असतो, सहकारी बँकेत पण, 2020 पासून एका माणसाला एका बँकेत 5 लाखांपर्यंत, व्याज धरून, सगळ्या शाखा मिळून. नावात बँक आहे का पतसंस्था, आधी पाटी नीट वाचा.

पास झालेली बँक बुडत नाही असंही नाही हं. बेल्जियमची डेक्सिया जुलै 2011 मध्ये युरोपच्या टेस्टमध्ये चांगल्या भांडवलाने पास झाली आणि ऑक्टोबरात सरकारांना धावून जावं लागलं, कारण ज्या संकटाने ती पडली ते त्या परीक्षेच्या पेपरात नीट विचारलंच नव्हतं. आपल्याकडच्या अहवालात तर बँकांची नावंही नसतात, त्यामुळे तुमची बँक काठावर आहे का मजबूत, ते त्यातून कळत नाही.

तर 14 लाख चार बँकांत साडेतीन-साडेतीन टाका, म्हणजे व्याज धरूनही 5 च्या आत राहाल. नाहीतर पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना बघा, 30 लाखांपर्यंत चालते आणि हमी केंद्र सरकारची. वडिलांचं वय आणि रिटायर झाल्याची तारीख कमेंटमध्ये टाका, त्यात बसतात का ते बघून सांगतो.