पत्ता ५६ एपीओ: फौजी घरातल्या लिहिणाऱ्यांचे प्रश्न

दिवाळीनंतरच्या एका रविवारी दापोलीत आमच्या अंगणात फौजी घरांतल्या लिहिणाऱ्यांचा मेळावा भरतो. ब्लॉगवाले, फेसबुकवाले, वहीत लिहून ती उशाखाली ठेवणारे, सगळे येतात. मी पलटणीच्या ऑफिसात क्लार्क होतो, हेडक्लार्क म्हणून पेन्शनीत निघालो. त्यामुळे कुणाला नियमाची शंका आली की पत्र माझ्याकडे. यंदा आलेल्यांपैकी काही घेतो.

काका, माझे यजमान उत्तरेत पोस्टिंगला आहेत. मी घरातलंच लिहिते: मुलं, सासूबाई, ह्यांचे फोन. मी काही फौजेत नाही, मग मला कसले नियम? (एक सैनिकपत्नी, गुहागर)

ताई, लष्करी कायदा १९५० चा, तो यजमानांना लागतो, तुम्हाला नाही. पण शासकीय गुपितांचा १९२३ चा कायदा आहे, तो तुम्हालाही लागतो आणि तुमच्या दूधवाल्यालाही. आणि तुमच्या लेखातून काही फुटलं तर चौकशी तुमची व्हायच्या आधी त्यांची होईल, कारण तुम्हाला ते सांगणार दुसरं कोण?

म्हणून घाबरून वही मिटू नका. गेल्या वर्षी एकीने वाचलेलं सांगतो. अमुक पलटण पुढच्या महिन्यात तमुक ठिकाणी हलतेय, म्हणून हे मंगळवारी पहाटेच्या गाडीने निघाले, डब्यात घावणे आणि ओली चटणी दिली, असं वाक्य होतं. एका वाक्यात पलटण, महिना, ठिकाण आणि गाडी! अंगणातल्या तीन माजी सैनिकांनी एकदम मान वर केली. चारही गोष्टी पेन्सिलीने खोडल्या. उरले घावणे. मग तिला विचारलं, दोन दिवसांच्या प्रवासाला घावणे कसे दिलेत, ते टिकतात होय? तर म्हणाली, "टिकायला उरतात कुठे? पनवेल यायच्या आत संपवले, आणि फोन करून सांगितलं की चटणी तेवढी रात्री भातासोबत खाल्ली असती, भात कुठाय?" हे तिने लिहिलंच नव्हतं. लेख तिथेच होता.

तुम्ही पाकिटावर "५६ एपीओ" लिहिता ना? एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. त्या पत्त्यात माणसाचं नाव आहे, पलटण आहे, पण गाव नाही. पश्चिमेकडच्या आणि उत्तरेकडच्या फौजेला ५६, पूर्वेकडच्यांना ९९. पत्र बिनचूक पोचतं आणि ठिकाण कुणाला कळत नाही. पाकीट टपालवाल्यांच्याच हातात जातं म्हणून पलटण चालते, तुमचा लेख सगळ्यांपुढे उघडा आहे, त्यात तीही नको.

फोटोचं मात्र जास्त सांभाळा. व्हिडिओ कॉलचा स्क्रीनशॉट टाकताना ह्यांच्या चेहऱ्यामागे डोंगर दिसतो, खांद्यावर पट्टी दिसते. फोनने काढलेल्या फोटोत जागेची नोंद दडलेली असते, ती सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. आणि "हे आज ड्युटीवर गेले, घर सुनं सुनं" असलं स्टेटस शत्रूपेक्षा आपल्या आळीतल्या चोराच्या जास्त उपयोगाचं!

जय हिंद सर. मी सर्व्हिंग आहे, मेळाव्याच्याच आठवड्यात छुट्टीवर येतोय. कविता वाचली तर चालेल का? टोपणनावाने वाचतो. (एक जवान, लांजा)

जय हिंद. टोपणनावाने नियम टळत नाही रे बाळा. आर्मी रूल्स १९५४, नियम २१. राजकीय प्रश्न, फौजेचा विषय, फौजेची माहिती यांतलं काहीही परवानगीशिवाय छापायचं नाही, वर्तमानपत्राला द्यायचं नाही. भाषणालाही तोच नियम, म्हणजे आमचं अंगणही त्यात आलं. आईवर, समुद्रावर, फणसावर कविता असेल तर सहसा कुणी आडवं येत नाही. तरी युनिटात अर्ज टाक, कवितेची प्रत जोड आणि सही घे. मी असे अर्ज पुढे पाठवलेत. प्रत जोडलेली असली की काम सोपं होतं, "एक कविता वाचायची आहे" एवढंच लिहिलेला अर्ज टेबलावर पडून राहतो.

मोबाइलचं विचारलं नाहीस तरी सांगतो. जुलै २०२० मध्ये सैन्याने ८९ ॲप काढून टाकायला सांगितले होते, फेसबुक आणि इन्स्टाग्रामसकट. हे आदेश बदलत असतात. आजचा आदेश काय ते मित्राला नको, युनिटात विचार. सही नाही मिळाली तर ऐकायला ये, जेवण तेच आहे.

माझ्या पेन्शनीत चूक आहे. मेळाव्यात त्यावर लेख वाचला तर दाद लागेल का? (माजी हवालदार, मंडणगड)

नाही लागणार. "स्पर्श" या पेन्शनच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक घ्या, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि डिस्चार्ज बुक घेऊन रत्नागिरीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. लेख वाचाच, पण दाद म्हणून टाळ्याच मिळतील.

फौजी ब्लॉगवाल्यांचे मेळावे ही अमेरिकेची टूम ना? आपल्याकडे कशाला? (महाविद्यालयीन विद्यार्थी, चिपळूण)

मेळावा त्यांचा, खरं आहे. इराकच्या युद्धात तिकडचे सैनिक आघाडीवरून लिहायला लागले, २००६ मध्ये त्यांचं पहिलं संमेलन वॉशिंग्टनला झालं आणि २००७ मध्ये त्यांच्या सैन्याने लिहिण्याआधी वरिष्ठांना विचारण्याचा नियम कडक केला. लिखाण मात्र टूम नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या आपल्या शिपायांची पत्रं सेन्सॉर उघडून वाचत असे. शिपाई काही कच्चे नव्हते: काळी मिरी म्हणजे आपले लोक, लाल मिरची म्हणजे गोरे, आणि कुठली मिरी संपत आली ते घरच्यांनी ओळखायचं. सेन्सॉरलाही ते कळलं, म्हणून तर आज आपल्याला माहीत आहे.

आणि तू चिपळूणचा, दापोली तुला परकी नाही. जुनी माणसं अजून "काप दापोली" म्हणतात, कारण इथे इंग्रजांचा कॅम्प होता. तो गेला तरी पेन्शनर शिपायांची वस्ती राहिली. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी पेन्शनीनंतर काही काळ कुटुंबासह इथेच राहिले. त्याआधी महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये पलटणीतून निवृत्त होऊन दापोलीत आले. त्यांनी "दीनबंधू" आणि "सुधारक"मधून अस्पृश्यतेविरुद्ध लिहिलं. महारांची भरती सरकारने थांबवली तेव्हा १८९४ मध्ये त्यांनी लष्करासाठी विनंतीपत्र तयार केलं: आमच्या बापजाद्यांनी नोकरी केली, मग आता दार बंद का? महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये, बेळगावला. निवृत्त फौजी, हातात लेखणी, स्वतःच्या लोकांचा प्रश्न, पत्ता दापोली. याला तू काय म्हणशील ते म्हण.

मालवणात असा मेळावा घ्यायचाय. कधी घ्यावा, किती माणसं? (एक माजी नौसैनिक)

गणपतीत नको. छुट्टीवाले गावात असतात, पण आरतीतून कुणाला सवड नसते. मे महिन्यात आंबा आणि लग्नं. भातकापणी उरकल्यावरचा रविवार बरा. ४ डिसेंबर नौदल दिन तुमचा खरा, २०२३ मध्ये तर तो सिंधुदुर्ग किल्ल्याशी साजरा झाला. पण दिन पाळणं वेगळं आणि वाचन वेगळं, एकत्र केलंत तर वाचन मरतं. तीसच्या वर माणसं नकोत. माईक नको, माईक आला की माणूस भाषण करतो.

प्रमुख पाहुणा तर मुळीच नको. पहिल्या वर्षी आम्ही एक बोलावला. दोन तास उशिरा आला, शाल-श्रीफळात तास गेला, आणि एक आजी, मुलगा गमावलेली, दिवसभर वही मांडीवर घेऊन बसली ती दिवेलागणीला वाचायला उभी राहिली. तोवर निम्म्या खुर्च्या रिकाम्या. शेवटची एसटी होती ना. मला अजून ते टोचतं.

माझा मुलगा गेला त्याला काही वर्षं झाली. सगळे म्हणतात त्याच्या शौर्यावर लिही. मला आठवतं ते वेगळंच. तो पट्टीचा पोहणारा, पण चिंबोऱ्यांना घाबरायचा. असं लिहिलं तर त्याचा अपमान होईल का? (एक वीरमाता, हर्णैजवळून)

नाही हो बाई. शौर्य सरकारने प्रशस्तिपत्रात लिहून ठेवलंय, ते काम झालेलं आहे. असली प्रशस्तिपत्रं टाइप करायला माझ्याकडे यायची, त्यांत चिंबोरीला जागा नसते. ती गोष्ट तुमच्याशिवाय कुणाकडे नाही. तो ओरडायचा कसा, खडकावर चढून बसायचा की तुमच्या पदराआड यायचा, आणि तरी रस्सा कसा ओरपायचा, सगळं लिहा.

तुमचं वाचन सकाळी पहिलं ठेवलंय, चहाच्या आधी. हर्णैहून सकाळची एसटी धरा, स्टँडवर मी स्वतः येतो. चष्मा विसरू नका, आमच्या अंगणात माडांची सावली फार आहे.