प्रश्नोत्तरे: रेझोनेटर गिटारचा जुना कॅपो

प्रश्न (जळगाव): चौकोनी गळ्याची रेझोनेटर गिटार (आत धातूचा शंकू असलेली) मांडीवर आडवी ठेवून वाजवतो, सूर ओपन जी, म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या की जी मेजर कॉर्ड वाजतो. घरातला जुना पितळी कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून सूर वर नेणारा चिमटा) दुसऱ्या पडद्यावर लावला की पहिल्या दोन बारीक तारा झणझणतात. स्क्रू अजून आवळला तर झणझण थांबते, पण जाड तारांचा सूर चढतो. कॅपो टाकून द्यावा का?

उत्तर: मुळीच टाकू नका. पितळ शाबूत असेल तर दोष रबराचा आहे.

या गिटारच्या तारा गळ्यापासून इतक्या उंच असतात की कॅपो गळ्याला धरतच नाही. तो तारांवरच बसतो. वर दांडा, खाली पट्टी आणि तिसऱ्या-चौथ्या तारेमधून जाणारा स्क्रू यांच्यामध्ये सहाही तारा चिमटल्या जातात. नेहमीच्या संचात पहिली तार ०.०१६ इंचाची आणि सहावी ०.०५६ इंचाची असते. तारांवर सरकवायचा स्टीलचा बार सपाट फिरावा म्हणून नटच्या (गळ्याच्या टोकाशी तारा टेकतात तो आडवा तुकडा) खाचा तारांच्या वरच्या कडा एका पातळीत येतील अशा कापलेल्या असतात. म्हणजे जाडीतला सगळा फरक, सुमारे १ मिलिमीटर, तारांच्या खालच्या बाजूला येतो. तो गिळायचं काम खालच्या पट्टीवरच्या रबराचं. रबर कडक झालं की जाड तार पट्टीला अडते, सगळा दाब तीच घेते आणि बारीक तार सैल राहते. तुम्ही अजून आवळता तेव्हा जाड तार वाकते आणि सूर चढतो.

म्हणून नवं रबर मऊ हवं आणि किमान २ मिलिमीटर जाड हवं. रबर दाबून अर्ध्याच्या खाली जात नाही, त्यामुळे एक मिलिमीटरचा थर इथे कामाचा नाही. खालचा भाग गोल सळईचा असेल तर सायकलच्या दुकानातली वॉल्व ट्यूब चढवा. ती पातळ वाटली तर तिच्यावर दुसरी. चढवताना आत साबणाचं पाणी लावा, तेल नको. पट्टी सपाट असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन-तीन थर एकमेकांवर चिकटवा. वायरिंगवाले वापरतात ती गरम करून आवळणारी नळी घेऊ नका, ती फार कडक होते.

जुनं रबर बांबूच्या कामटीने खरवडा. चिकटा राहिला तर रॉकेलचा बोळा फिरवा आणि नंतर साबणाने नीट धुवा, कारण उरलेलं रॉकेल नवं रबर फुगवतं. पंक्चरचं सोल्युशन दोन्ही बाजूंना पातळ लावा, हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबा, मग दाबा. एक रात्र जाऊ द्या.

वरच्या दांड्याला मात्र रबर लावू नका. तो दुसऱ्या नटचं काम करतो. तिथे मऊपणा आला की रेझोनेटरचा खणखणीतपणा जातो, आणि मग गिटारच बिघडली असं वाटायला लागतं. त्यावर गुंडाळीच्या तारांच्या खाचा पडल्या असतील तर काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ओला ठेवून दांडा सपाट घासा, मग ८०० वर. मुलामा असेल तर तो जाणार, हे धरून चाला.

तपासणी कागदाने करा. प्रत्येक तार आणि वरचा दांडा यांच्यामध्ये पातळ कागदाची पट्टी ठेवून नेहमीइतकं आवळा. जिथली पट्टी सरकते तिथे पकड कमी. दोन्ही टोकांच्या तारा सैल निघाल्या तर दांडा किंवा पट्टी वाकलेली आहे.

लावताना दांड्याची ब्रिजकडची (तारांच्या पोटाकडच्या टेकूकडची) कड बरोबर पडद्याच्या रेषेवर आणा. साध्या गिटारसारखी रेषेच्या मागे नको. २५ इंची गिटारवर दुसऱ्या पडद्याशी १ मिलिमीटर चुकलात तर सुरात सुमारे ३ सेंट फरक पडतो (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). काम झालं की कॅपो सैल करून ठेवा. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तो गाडीत विसरू नका, रबर सगळ्यात लवकर तिथेच मरतं.

प्रश्न (भुसावळ): स्क्रूचे आटे गेले. लेथवाले म्हणतात पाच एमएमचा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) मारू. चालेल?

उत्तर: आधी व्हर्नियरने जुना स्क्रू मोजा. कॅपो अमेरिकन असेल तर आटे इंची असतात. बाहेरचा व्यास ४.८ मिलिमीटर आला तर तो १०-३२ (१० नंबरचा, इंचाला ३२ आटे), ४.१ ते ४.२ आला तर ८-३२.

१०-३२ असेल तर लेथवाल्यांचं म्हणणं बरोबर आहे. त्याच्या आट्यांतलं अंतर ०.७९४ मिलिमीटर, पाच एमएमचं ०.८, म्हणजे टॅप जुन्याच आट्यांतून जातो. आधी ४.२ चा ड्रिल फक्त फिरवून घ्या, टॅप हाताने मारा, अर्धा वळसा पुढे आणि पाव वळसा मागे. भोकाभोवती पितळ किती उरतं ते पाहूनच हात घाला.

८-३२ मध्ये चार एमएमचा स्क्रू मात्र कोंबू नका. तो सैलही असतो आणि दर आट्याला अंतर चुकत जातं. दोन-तीन वळशांत उरलेले आटेही कापले जातात. तिथेही पाच एमएमपर्यंत वाढवता येतं, पण नवे आटे पूर्ण कापावे लागतात. जुन्या स्क्रूचं खाचेदार डोकं फेकू नका, नव्या दांडीवर बसवून घ्या. शेवटी आट्यांना सुईच्या टोकाइतकं व्हॅसलीन लावा, रबराला लागू न देता.

प्रश्न (अमळनेर): हिरवट चढलाय. चिंचेने घासू का?

उत्तर: उघडं पितळ असेल तर चालेल, रबर काढून, आणि लगेच धुऊन कोरडं करा. निकेलचा मुलामा असेल तर चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर काहीच नको. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरे.

प्रश्न (धुळे): मधला पाय तुटला. सोनाराकडून जोडून मिळेल?

उत्तर: धातू कोणता त्यावर आहे. आतल्या बाजूला, दिसणार नाही तिथे कानस लावा. पिवळं दिसलं तर पितळ: टाकणखार लावून चांदीचा डाख उत्तम बसतो, रबर आणि स्क्रू आधी काढलेले हवेत. करडं दिसलं आणि चुंबक चिकटलं नाही तर तो बहुधा जस्ताचा ओतीव भाग. त्याला चांदीचा डाख द्यायला जाल तर डाख वितळण्याआधी तो भागच वितळेल. वाकला असेल तरी थंड वाकवून सरळ करू नका, तुटतो. असा पाय पितळी पट्टीतून नवा कापून घ्यावा. तुटलेले दोन्ही तुकडे माप म्हणून सोबत न्या.